जास्तीचा ग्लास

१

समुद्रकाठच्या आमच्या साफी गावात चहाचं ताट मांडताना घरातली माणसं मोजतात आणि वर एक ग्लास जास्तीचा ठेवतात. अवचित कुणी आलंच तर त्याला ताटकळत बसायला लागू नये म्हणून. आमच्या घरात आई आणि मी अशा दोघीच, तेव्हा ताटात ग्लास तीन. तिसरा रोज कोरडाच फडताळात परत जायचा.

"कशाला मांडतेस गं तो रोज?" मी विचारायचे.

"तुझ्यासाठी स्थळ घेऊन कुणी आलं तर?" आई म्हणायची. "तुझ्या त्या संगणकातून तर कुणी बाहेर यायची चिन्हं दिसत नाहीत."

संगणकावर मी साथरोगशास्त्राची पदव्युत्तर पदवी करत होते. दिवसा सरकारी दवाखान्यात नर्स, आणि दुपारनंतर पुढच्या खोलीत, भिंतीलगतच्या गाद्यांच्या बैठकीच्या टोकाशी मांडीवर संगणक घेऊन विद्यार्थिनी. विद्यापीठ समुद्रापलीकडचं. आईला ते काही पटत नव्हतं. "भिंतीशी बोलून कुणी शहाणं झालेलं मी बघितलं नाही," असं ती शेजारणींना माझ्यादेखत सांगायची, आणि त्याच दमात पोरीला मोठी नेमणूक मिळणार आहे हेही सांगायची.

आईचा जन्म मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात गेला. थंड पाण्यात हात, ओल्या फरशीवर पाय. एक फुप्फुस त्यातच गेलं, दुसरं अर्धंमुर्धं उरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की आता एक खोकल्याचं दुखणं यांना पुरे होईल. म्हणून कामावरून आले की मी जिन्यातच कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची, मग आत यायची. आई हसायची. मी तिला हसू द्यायची. बाकी मला जगात कुणी नाही.

आणि त्या वर्षी कुंभारांच्या टेकडीवर खोकल्याची साथ आली. खोकला कोरडा आणि लांबणारा. घरात एकाला झाला की बाकीच्यांना होतोच असं नाही, पण म्हाताऱ्यांना सोडत नव्हता. मी तोच प्रकल्पाचा विषय घेतला. आईच्या फुप्फुसापायी मला खोकल्याइतकी चीड दुसऱ्या कशाची नव्हती.

२

आजारी घरं आणि त्यांच्या शेजारची निरोगी घरं, दोन्हीकडे जाऊन विचारपूस करायची आणि फरक शोधायचा, असा माझा बेत होता. अडचण एकच. आमच्याकडे घरात माणसं किती, याचं उत्तर सरळ मिळत नाही. एक भाऊ बोटीवर असतो, एक पुतण्या असतो-नसतो, एक सून माहेरी. म्हणून मी युक्ती काढली. विचारायचंच नाही. चहा तर कुणी दिल्यावाचून राहत नाही, तेव्हा ताटातले ग्लास मोजायचे, त्यातून माझा वजा करायचा आणि पाहुण्याचा जास्तीचा वजा करायचा. उरतील तेवढी माणसं. माझ्या मार्गदर्शक डॉ. नुहाद यांना हे इतकं आवडलं की त्यांनी पडद्यावरच टाळी वाजवली.

पहिलं घर तामूचं. तिचा नवरा भट्टी लावतो, ती नक्षी रंगवते. तिचा सासरा आतल्या खोलीत खोकत होता, खोकून झालं की देवाचं नाव घेत होता. मी चहा प्याले, प्रश्न विचारले, सासऱ्याची छाती तपासली. दाराजवळच्या उशीवर एक म्हातारी बसली होती. जुन्या बायका घेतात तसा पांढरा हायक तिनं डोक्यावरून पायापर्यंत गुंडाळून घेतला होता, चेहऱ्याच्या जागी एक घडी तेवढी दिसत होती. घरातलीच कुणी थोरली असणार, असं मी धरून चालले.

निघताना आमच्या रीतीप्रमाणे मी सगळ्यांना म्हटलं, "या हं आमच्याकडे चहाला. घर आपलंच समजा." म्हातारीलाही म्हटलं, तिच्याकडे बघून, कारण थोरांना वगळणं बरं दिसत नाही.

असं आमंत्रण कुणी घेत नसतं. "इन्शाअल्ला" म्हणायचं असतं आणि दोघांनीही विसरायचं असतं. म्हातारीनं मात्र विचारलं, "घर कुठं?"

आवाज साधाच होता. जरा घोगरा. मला गंमत वाटली, आणि थोडी लाजही, की तोंडदेखलं बोललेलं हिनं खरं मानलं. मी सांगितलं, वेशीच्या आत, निळं दार, आईचं नाव लल्ला रकूश, तिचं घर म्हणून कुणीही दाखवेल. तिनं मान हलवली. मी चपला घातल्या आणि उतार उतरून पुढच्या घरी गेले.

३

पुढच्या घरी ताट आलं, चहा उंचावरून ओतला गेला, आणि घरधनीण बाईनं जास्तीचा ग्लासही भरला. भरला आणि माझ्या शेजारी, जरा पलीकडे, बैठकीच्या रिकाम्या जागेपुढं ठेवला.

माझ्या लक्षात आलं, पण मी मनावर घेतलं नाही. नर्सबाई आल्या म्हणून दोन ग्लास, असा मान असेल. बोलण्याच्या नादात मी तिकडं पाहिलंही नाही. उठताना पाहिलं तर ग्लास रिकामा होता आणि तळाशी पुदिन्याचं पान चिकटलं होतं. त्या घरात लहान पोरं बरीच होती. पोरांनी प्याला असेल.

त्याच्या पुढच्या घरीही तसंच झालं. तिथं मात्र पोरं नव्हती.

मग मी लक्ष ठेवायचं ठरवलं. पण विचारपूस करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, नाहीतर तो खरं सांगत नाही. तेवढ्यात ग्लास रिता होऊन जायचा. मला कधी पिण्याचा आवाज आला नाही. एकदा मात्र ग्लास ताटात ठेवल्याची किणकिण ऐकू आली, अगदी हळू, पाहुणा भीड बाळगून ठेवतो तशी. मी वळले. घरधनीण त्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होती. मला वाटलं, माझ्याकडेच बघून हसते आहे.

मी नर्स आहे. रात्रपाळीत मेलेल्या माणसाच्या पोटातून येणारे आवाज ऐकूनही मी डबा उघडून जेवलेली आहे. तेव्हा एका ग्लासापायी मी घाबरले नाही. खाली आले, जिन्यात कपडे बदलले, हात धुतले.

४

डॉ. नुहाद मूळच्या बैरूतच्या, आता मॉन्ट्रियलला. साठीच्या पुढची, गोड बाई. पडद्यावर आल्या की त्यांच्या मागं खिडकीत बर्फ दिसायचं आणि मांडीवर बहुतेक वेळा नातू, माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचा. ते बाळ त्यांच्या चष्म्याला हात घालायचं आणि त्या तशाच मला आकडेमोड समजावत राहायच्या.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बतूल, तुझ्यावर रागवायचं आहे."

"काय झालं, डॉक्टर?"

"तू ज्या घरांना भेट दिलीस, त्यातल्या काहींना आम्ही इथून फोन केला. पडताळणी असतेच, मनाला लावून घेऊ नकोस. सगळं जुळलं, शाबास. पण मदतीला कुणाला नेलंस तर तसं आधी कळवायला हवं होतं. परवानगी लागते."

"मी कुणालाच नेलं नाही."

"सगळी घरं म्हणतात, दोघी आल्या होत्या."

मी हसले. म्हटलं, लस टोचणाऱ्या बाया जोडीनं हिंडतात, त्यांच्यात आणि माझ्यात घोटाळा झाला असेल. त्यांनाही ते पटलं. "असेल, असेल," त्या म्हणाल्या. मग चष्मा सारखा करून, "फक्त एक. सगळ्यांनी असंच सांगितलं, की दुसरी काही बोलली नाही, दाराजवळ बसली."

बाळानं तेवढ्यात चष्मा ओढला आणि विषय तिथंच राहिला.

५

काम मात्र बिघडायला लागलं होतं. मी ज्यांना निरोगी म्हणून भेटले, ती घरं मी जाऊन आल्यावर खोकायला लागत होती. एक गेलं, दुसरं गेलं. तुलनेला निरोगी घर म्हणून ठेवायचं कुठलं? मी नवं शोधायची, तिथं चहा प्यायची, आणि तेही हातचं जायचं. मीच खोकला वाहते आहे की काय, हा पहिला विचार कुठल्याही नर्सला येईल तसा मलाही आला. घशातून नमुना घेऊन तपासून घेतला. काही निघालं नाही. पुन्हा तपासला, पुन्हा तेच. मी टेकडीभर कारण शोधत होते. भट्टीचा धूर, विहिरीचं पाणी, रंगातलं शिसं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तामूकडे पुन्हा गेले तेव्हा तिचं घर शांत होतं. सासरा गेला होता, मी येऊन गेले त्यानंतर लवकरच. पण बाकी कुणी खोकत नव्हतं. तामू ओसरीत बसून थाळीवर निळी वेल काढत होती.

"आज एकटीच?" तिनं विचारलं.

"मी नेहमी एकटीच असते, तामू. त्या दिवशी दाराजवळ बसल्या होत्या त्या तुझ्या कोण?"

तिचा कुंचला थांबला. "माझ्या? अगं, ती तुझ्याबरोबर गेली ना!"

"गेली असेल. पण बसलेली तर तुझ्या घरात होती."

"पाण्याचं मीटर वाचायला इदरीस आला होता, त्याच्यामागून आत आली. त्याची कुणी आत्या असेल म्हटलं. तो गेला, ही बसून राहिली. आता बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? चहा दिला. रोज देत होते. मग तू आलीस, तिला घरी बोलावलंस, आणि ती तुझ्या मागोमाग चपला न घालताच निघाली. मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा, नर्स मोठ्या मनाची आहे." तामू जरा हसली, मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "का गं? आली नाही का अजून तुझ्याकडे?"

मी नाही म्हटलं.

"येईल," ती म्हणाली आणि वेल पुढं काढायला लागली. "वाटेत घरं लागतात ना. म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक ठिकाणी टेकावंसं वाटतं."

६

टेकडी उतरताना मी एक गोष्ट पक्की केली. ती माझ्यामागून येते, तर मी घरी जायचंच नाही. हा विचार वेडगळ आहे हे मला कळत होतं. मला हेही कळत होतं की आईचं फुप्फुस एकच आहे, तेही अर्धं. दवाखान्यात गेले, आईला फोन केला आणि सांगितलं की कामाची गर्दी आहे, दोन-चार दिवस इथंच राहीन.

"खाशील काय?"

"शेंगेनं सार्डिनचं कालवण पाठवलंय." ते मात्र खरं होतं. शेंगे म्हणजे आमच्या दवाखान्यातली स्वयंपाकीण.

मी लसींच्या खोलीत गादी टाकली. चहा प्यायलाच नाही, कुणी दिला तरी नाही. माझ्या शेजारी कुणी जागा सोडून बसतंय का, हे बघत राहिले. कुणी बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला जरा बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात आईचा फोन आला. चित्र दिसणारा. तिला तो लावता येतो याचाच मला अचंबा.

"काय गं, माणसाला घरी बोलावतेस आणि स्वतः गायब होतेस? ही काय रीत झाली?"

"कोण आलंय, आई?"

"तूच बोलावलंस म्हणते. टेकडीवर भेटलात. किती घरं विचारत विचारत आली बिचारी. पायात चपला नाहीत."

"आई, चहा देऊ नकोस. ऐक. तिला काही देऊ नकोस, दार उघडं ठेव आणि तू गच्चीवर जा."

"डोकं फिरलं का तुझं? दारात आलेल्याला चहा नाही म्हणू? माझ्या आईनं कबरीतून उठून मला मारलं असतं." तिनं फोन फिरवला. मला आमचं ताट दिसलं, चांदीची किटली दिसली, आणि दाराजवळच्या उशीवरचा खळगा दिसला. वजन असल्यावर उशी दबते तेवढाच. तिसरा ग्लास ताटात नव्हता. मग तो ताटात होता आणि रिकामा होता.

मी कशी पळत आले ते आठवत नाही. जिन्यात कपडे बदलले नाहीत, हात धुतले नाहीत. आई एकटीच बसून शेंगदाणे सोलत होती.

"आत्ता उठून आत गेली बघ," ती म्हणाली. "नमाजाची वेळ झाली ना." आणि ती खोकली. एकदाच, तोंडावर ओढणी धरून. "वाफ गेली घशात."

आत कुणी नव्हतं.

७

टेकडीवरचा खोकला थांबला. अगदी त्याच सुमाराला, सगळ्या घरांत. दवाखान्यात सगळे माझं अभिनंदन करत होते, जणू मीच तो थांबवला. मी प्रबंधात लिहिलं की साथ आपोआप ओसरली, कारण कळू शकलं नाही. ते खोटं नव्हतं.

आईला आता उशा रचून बसवावं लागत होतं. आडवी झाली की तिला श्वास पुरत नसे. मी औषधं दिली, प्राणवायूची नळी आणली, मोठ्या डॉक्टरांना घरी आणलं. ते म्हणाले, छातीत सापडत काहीच नाही. दारापाशी थांबून म्हणाले, "जवळच्यांना कळवून ठेवा." जवळची मीच होते.

पुढच्या खोलीतली ती उशी मी उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी बैठकीचा तेवढा भाग दबलेला दिसला. मी मोठ्यानं म्हटलं, "आता निघा. फार दिवस झाले." आतून आई धापा टाकत ओरडली, "बतूल! पाहुण्याला असं बोलतात?" आणि मग, हळू आवाजात, "मला फार सोबत होते गं तिची."

मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ताट मांडलं. तीन ग्लास. तिसरा भरला नाही तर आई स्वतः उठून भरायची, आणि उठण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.

इदरीसला मी एकदा गाठलं. मीटर वाचणारा, टोपी मागं सरकवून हिंडणारा माणूस. त्याचीही आई म्हातारी, आता ठणठणीत. मी काही विचारायच्या आधीच तो नजर चुकवून म्हणाला, "मी तिला आणलं नव्हतं. मी फक्त तामूच्या दारात उभा होतो. तामूनं आतून हाक मारली, या, या, सगळे या." तो चालायला लागला, मग थांबला. "कुणीतरी बोलवावं लागतं, बाई. हाकलून ती जात नाही."

८

माझी तोंडी परीक्षा दुपारी होती. मी धुतलेला कुडता घातला, बैठकीच्या टोकाशी बसले, मागं दार. आतून आईचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना शीळ, बाहेर येताना शीळ, आणि मध्ये एक अडखळ, जिथं मी प्रत्येक वेळी थांबायची.

डॉ. नुहाद यांच्याबरोबर आणखी दोन परीक्षक होते. त्यांनी ग्लास मोजण्याच्या युक्तीबद्दल विचारलं, मी सांगितलं. एकानं विचारलं, जास्तीचा ग्लास वजा करण्यात चूक होऊ शकते का? मी म्हटलं, हो, होऊ शकते. त्यांना तो प्रामाणिकपणा आवडला. उत्तीर्ण झाल्याचं सांगून दोघं निघून गेले. पडद्यावर डॉ. नुहाद राहिल्या. नातू मांडीवर झोपला होता, तोंडात अंगठा घालून.

"बतूल, बाळा, मला फार अभिमान वाटतो. आई कशी आहे?"

"बरी नाही."

"मग या मागं बसल्या आहेत त्या? मी त्यांनाच आई समजत होते."

पडद्याच्या कोपऱ्यात माझं स्वतःचं छोटं चित्र होतं. माझ्या खांद्यामागं दार, आणि दाराजवळ पांढऱ्या कापडाची एक कड, कोपरासारखी वाकलेली. मी मागं वळले नाही.

"पाहुण्या आहेत," मी म्हटलं.

"अरे वा!" डॉ. नुहाद जरा पुढं झुकून, हात छातीवर ठेवून म्हणाल्या, आमच्याच बायकांसारख्या, मनापासून. "मग ऐका, कधी इकडं आलात तर आमच्याकडे यायचं हं. सगळ्यांनी. हॉटेलात बिलकुल उतरायचं नाही. घर आपलंच समजा."

आतली शीळ थांबली. मी कान दिला. काहीच ऐकू येईना, आणि मी उठणार तेवढ्यात माझ्या मागून घोगऱ्या, साध्या आवाजात प्रश्न आला.

"घर कुठं?"

डॉ. नुहाद खळखळून हसल्या. "बघ, याला म्हणतात आपली माणसं! इकडं बोलावलं तर कुणी पत्ताही विचारत नाही." आणि त्या सांगायला लागल्या. टेकडीच्या पायथ्याची गल्ली, कोपऱ्यावर बेकरी, तिच्यापुढं हिरवं दार. हसण्यानं बाळ जागं झालं आणि पडद्याकडे, माझ्या खांद्याच्या मागं, टक लावून बघायला लागलं.

आवाज बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी बोट त्यावर ठेवलेलं होतं. तामूचं घर मला आठवत होतं, तिचा सासरा आठवत होता, आणि खोकला म्हाताऱ्यांना सोडत नाही हे तर मीच प्रबंधात लिहिलं होतं. लहानग्यांबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं.

"बेल बिघडलेली आहे," डॉ. नुहाद सांगत होत्या. "दार नुसतं ढकलायचं."

मी बोट दाबलं नाही.

माझ्या मागची बैठक हळूच वर आली, कुणी उठल्यावर येते तशी. आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, मोकळा, कितीतरी दिवसांनी न अडखळता.

"बतूल, चहा ठेव गं. दोघींपुरताच."